संसार अडखळला असेल तर: सोलापूरच्या जोडप्यांसाठी विवाह समुपदेशनाची वाट, पायरीपायरीने

सोलापुरात नवरा-बायकोचे पटेनासे झाले की पहिली हालचाल होते ती दोन्हीकडची माणसे बसवण्याची. मुलीचे वडील, मुलाचे काका, लग्न जमवणारे मध्यस्थ आणि समाजातले एखादे वजनदार गृहस्थ एकत्र येतात, दोघांनाही चार शब्द सुनावले जातात आणि ‘झाले गेले विसरून जा, लेकरांकडे बघा’ असे सांगून मुलीला पुन्हा नांदायला पाठवले जाते. या बैठकीमागची काळजी खरी असते आणि कित्येक संसार तिने सावरलेही आहेत. मात्र तीच भांडणे पुन्हा सुरू झाली, दुसरी बैठक झाली, तिसरी झाली, आणि आता नातेवाईकही ‘यांचे नेहमीचेच आहे’ म्हणून अंग काढून घेऊ लागले, अशी वेळ आली असेल तर बैठकीला जे जमत नाही ते करणारी वेगळी जागा शोधावी लागते. विवाह समुपदेशन ही ती जागा.

बैठक निवाडा करते. तिथे बसलेला प्रत्येक जण कोणाचा तरी नातलग असतो, त्यामुळे चूक कोणाची आणि पडते कोणी घ्यायचे यावरच सगळी चर्चा फिरते. समुपदेशक निवाडा करत नाही. भांडण कशावरून पेटते, कोण काय बोलल्यावर वाढते, कोण कुठल्या क्षणी गप्प होते आणि त्या गप्प बसण्याचा दुसऱ्याला काय अर्थ लागतो, हे तो दोघांना त्यांच्याच तोंडून उलगडायला लावतो. ‘साहेबांनी माझ्या नवऱ्याला समजवावे’ किंवा ‘मॅडमनी हिला सासरी कसे वागायचे ते सांगावे’ एवढ्याच अपेक्षेने जाणारी जोडपी पहिल्या दोन भेटींतच निराश होतात, म्हणून हा फरक घरातून निघण्यापूर्वीच दोघांनी समजून घ्यावा.

समुपदेशनाने सगळेच संसार जुळतात असेही नाही. अमेरिकेत अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञांनी गंभीर तणावात असलेल्या १३४ विवाहित जोडप्यांना समुपदेशन देऊन पुढे अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. समुपदेशन संपल्यानंतर ५ वर्षांनी जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये ठळक सुधारणा टिकून होती आणि साधारण चारातले एक जोडपे विभक्त झाले होते. ज्यांचे नाते खरोखरच मोडकळीला आले होते अशा लोकांमधला हा निकाल आहे, त्यामुळे मला तो आशादायक वाटतो. आपला समाज आणि कुटुंबरचना वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असे मात्र धरून चालू नये.

पायरी १: आधी सुरक्षितता तपासा

दुसरे काहीही करण्याआधी एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे: दोघांपैकी कोणाला दुसऱ्याची भीती वाटते का? मारहाण, गळा दाबणे, जाळण्याची किंवा जिवे मारण्याची धमकी, घरात कोंडून ठेवणे, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, पगार काढून घेऊन पै-पैशासाठी हात पसरायला लावणे, यांपैकी काही चालू असेल तर दोघांनी एकत्र बसून करायचे समुपदेशन ही योग्य सुरुवात नाही. याचे कारण अगदी व्यवहारी आहे. समुपदेशकासमोर बायकोने खरे सांगितले तर त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते, आणि तिने भीतीपोटी खरे सांगितले नाही तर समुपदेशन खोट्या पायावर उभे राहते. अशा वेळी तिने एकटीने मदत घ्यावी. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे क्रमांक उपयोगी आहेत. शासनाचे सखी वन स्टॉप सेंटर आणि महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी यांच्यामार्फत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्याखाली निवारा, संरक्षण आदेश (म्हणजे हिंसा थांबवण्याचा न्यायालयाचा हुकूम) आणि खर्चाची मागणी करता येते.

याच कायद्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी दोघांपैकी एकाला किंवा दोघांनाही समुपदेशन घेण्यास सांगू शकतात. ते समुपदेशन म्हणजे मार खाऊनही नांदायला जाण्याची सक्ती नव्हे. ‘पोलिसांत जाऊ नका, समुपदेशनाने मिटवू’ असे हिंसा सोसणाऱ्या बाईला सांगणारा माणूस कितीही जवळचा असला तरी त्याचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवऱ्याला मारहाण किंवा धमक्या होत असतील तर त्यानेही लाज न बाळगता ११२ वर मदत मागावी आणि आधी एकट्याने समुपदेशकाला भेटावे.

दारूचे व्यसन, जुगार किंवा ऑनलाइन रमीचे कर्ज, उपचार न घेतलेले नैराश्य किंवा संशयाचा आजार असेल तर त्या गोष्टीचा इलाज आधी किंवा सोबतीने सुरू झाला पाहिजे. रोज रात्री पिऊन येणाऱ्या माणसाशी संवादाची कौशल्ये शिकून बायकोचा संसार सुधारत नाही. पहिल्या बाळंतपणानंतरच्या वर्षभरात भांडणे अचानक वाढली असतील तर प्रसूतीनंतरच्या नैराश्याची शंका घेऊन डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. घरचे लोक त्याला ‘हिचे नखरे’ म्हणतात आणि तिथेच बरेच बिघडते.

पायरी २: वेळ ओळखा

भांडणे होतात म्हणून कोणी समुपदेशकाकडे जाण्याची गरज नाही, भांडणे सगळ्याच घरांत होतात. भांडण कसे होते हे पाहावे. जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकांनी जोडप्यांची संभाषणे वर्षानुवर्षे अभ्यासून चार धोक्याच्या सवयी सांगितल्या: तक्रारीऐवजी माणसाच्या स्वभावावरच घाव घालणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक गोष्टीवर स्वतःचा बचाव करत राहणे आणि तोंड मिटून भिंतीसारखे बसणे. यांत तुच्छता सर्वांत घातक, असे त्यांचे निरीक्षण आहे. ‘तुमच्या घरात शिकलेलं कोण आहे?’, ‘तुझ्या बापाने काय दिलं होतं?’ ही वाक्ये आपल्याकडे इतक्या सहज येतात की ती तुच्छता आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरात बोलणे फक्त हप्ते, फी आणि किराणा यांपुरते उरले असेल, बायको सणाला माहेरी गेली आणि परत यायची तारीख पुढे-पुढे ढकलत असेल, नवरा कामावरून सुटल्यावर मुद्दाम उशिरा घरी येत असेल, एकमेकांचे मोबाइल तपासणे सुरू झाले असेल, किंवा मुले भांडणाच्या सुराने गप्प होऊन दुसऱ्या खोलीत जाऊ लागली असतील, तर थांबू नये. नोटीस येण्याआधी गेलेल्या जोडप्यापाशी अजून थोडा विश्वास शिल्लक असतो आणि समुपदेशकाला त्यावरच काम करता येते. वकिलाची नोटीस आल्यावर प्रत्येक वाक्य पुढे पुरावा होईल या भीतीने माणूस मोजून-मापून बोलतो.

पायरी ३: जोडीदाराला तयार करणे

बहुतेक घरांत एकाची इच्छा असते आणि दुसऱ्याला ते अपमानास्पद वाटते. ‘आपण काय वेडे आहोत का?’ आणि ‘घरातलं बाहेर कशाला?’ हे दोन आक्षेप ठरलेले. भांडणाच्या भरात ‘तुम्हालाच डॉक्टरची गरज आहे’ असे म्हणून समुपदेशनाचा विषय काढला तर तो कायमचा बंद होतो. घर शांत असताना, सासू-सासरे आणि मुले आसपास नसताना, स्वतःपासून सुरुवात करून बोलावे: “अहो, मला अलीकडे फार चिडचिड होते आणि मग मी तुम्हाला नको ते बोलून जाते. मला एकटीला हे जमत नाही. आपण दोघांनी एकदा कोणाशी तरी बोलून बघू या का? एकच भेट. नाही पटलं तर परत जायचं नाही.” नवऱ्याकडूनही हीच रीत असावी: “अगं, तुझं चुकतं म्हणून नाही म्हणत मी. आपलं दोघांचंच कुठं तरी अडतंय.” एका भेटीपुरती विनंती मान्य करणे सोपे जाते आणि चांगला समुपदेशक त्या एका भेटीत पुढची वाट दाखवू शकतो.

जोडीदार मुळीच तयार नसेल तर एकट्याने जावे. भांडणातले स्वतःचे वागणे एकाने बदलले तरी समोरच्याचे ठरलेले उत्तर बदलू लागते, आणि कित्येकदा काही आठवड्यांनी दुसरा माणूस कुतूहलाने का होईना, सोबत येतो.

एकाला संसार टिकवायचा आहे आणि दुसऱ्याचे मन निघून गेले आहे, अशी स्थिती असेल तर ती समुपदेशकाला पहिल्याच फोनवर सांगावी. अशा जोडप्यांसाठी विल्यम डोहर्टी या अमेरिकी तज्ज्ञांनी एक छोटी पद्धत मांडली आहे. तिच्यात जास्तीत जास्त ५ भेटी असतात, मुख्य बोलणे दोघांशी वेगवेगळे होते आणि नाते सुधारण्याऐवजी पुढे कोणता मार्ग घ्यायचा एवढेच ठरवले जाते. मन नसलेल्या माणसाला थेट ‘प्रेम वाढवण्याच्या’ कामाला लावण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे.

पायरी ४: सोलापुरात कोणाकडे जायचे

खासगी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे औषधाशिवाय उपचार करणाऱ्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘विवाह समुपदेशक’ अशी पाटी मात्र खासगीत फारशा अडथळ्याविना लावता येते, म्हणून शिक्षण, जोडप्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण आणि अनुभव यांची चौकशी करावी. ग्रहशांती, वशीकरण किंवा ‘७ दिवसांत नवरा परत’ अशा जाहिराती करणाऱ्यांकडे एक रुपयाही देऊ नये.

पैशाची अडचण असेल तर शासकीय वाटा आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, तिथल्या मानसोपचार विभागात नैराश्य, व्यसन, झोप न लागणे यांसाठी जाता येते. पोलिसांच्या महिला कक्षात आणि महिला व बालविकास विभागाच्या आधाराने चालणाऱ्या समुपदेशन केंद्रांत तक्रारीच्या निमित्ताने दोघांना बोलावून समुपदेशन केले जाते. तिथे गर्दी असते आणि वेळ कमी मिळतो, त्यामुळे खोलवर कामापेक्षा तातडीची तडजोड हाच भर राहतो, हे लक्षात ठेवून जावे. टेलि-मानस ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री भांडणानंतर मन सैरभैर झाले असेल तर हा क्रमांक जवळ असू द्यावा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीही वैवाहिक वाद समझोत्यासाठी नेता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी १५१०० हा मदत क्रमांक आहे. दावा दाखल झालाच असेल तर १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे समझोत्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर ‘वकिलांनी सांगितलंय काही बोलू नका’ म्हणून तोंड मिटून बसणे ही मोठी संधी वाया घालवणे आहे.

आणखी दोन गोष्टी सोलापूरच्या म्हणून सांगायला हव्यात. आपल्या शहरात मराठीसोबतच तेलुगू, कन्नड आणि उर्दूही अनेक घरांत बोलली जाते. जोडपे ज्या भाषेत भांडते त्या भाषेत समुपदेशन झाले पाहिजे. घरात तेलुगू बोलणारी बाई समुपदेशकासमोर मराठीत बोलू लागली की तिचा राग आणि दुःख दोन्ही अर्धेच बाहेर येते, आणि नवरा अस्खलित मराठी बोलणारा असेल तर दोघांतला तोलही जातो. तेव्हा फोनवरच विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट ओळखीची. इथे कोणाचा तरी मेहुणा कोणाच्या तरी शेजारी राहतोच. दवाखान्याच्या बाकावर कोणी पाहील ही भीती खरी असेल तर ऑनलाइन समुपदेशन घ्यावे. नवरा पुण्यात आणि बायको सोलापुरात असेल तर तोच सोयीचा मार्ग आहे. दोघांनी आपापल्या ठिकाणी दार बंद करता येईल अशी जागा पाहावी आणि हेडफोन वापरावा. सासूबाई पलीकडच्या खोलीत बसलेल्या असताना सुनेने मोकळेपणाने बोलावे ही अपेक्षा चुकीची आहे.

पायरी ५: पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

फी किती, एक भेट किती मिनिटांची (साधारण ५० ते ९० मिनिटे असते), भेट रद्द केली तर पैसे द्यावे लागतात का, एवढे विचारावेच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न गुपितांचा आहे. दोघांना वेगवेगळे भेटल्यावर एकाने सांगितलेली गोष्ट समुपदेशक दुसऱ्यापासून लपवतो का? काही समुपदेशक लपवतात, काही ‘नात्यावर परिणाम करणारे गुपित मी ठेवणार नाही’ असे आधीच सांगतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते पहिल्या दिवशी दोघांना ठाऊक असावे.

रेकॉर्डिंगचेही तसेच. पती-पत्नीने एकमेकांचे गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. त्यामुळे ‘आम्ही दोघेही समुपदेशनातले काहीही रेकॉर्ड करणार नाही’ असे लेखी ठरवून घ्यावे आणि भेटीच्या वेळी मोबाइल बंद करून बाजूला ठेवावेत. खिशातला फोन सुरू आहे की काय या शंकेने खरे बोलणे होत नाही.

पायरी ६: पहिल्या तीन-चार भेटी

सर्वसाधारण पद्धत अशी असते: पहिली भेट एकत्र, मग दोघांची एकेक वेगळी भेट, आणि त्यानंतर समुपदेशक आपल्याला काय दिसले ते दोघांसमोर मांडून पुढचे काम ठरवतो. भीती, मारहाण, आत्महत्येचे विचार, बाहेरचे संबंध याबद्दल वेगळ्या भेटीत थेट विचारले जाते. असे प्रश्न विचारणे हे त्याचे काम आहे, राग मानू नये.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. शेवटचे मोठे भांडण कसे सुरू झाले आणि कसे संपले. त्यात मी स्वतः काय केले. आणि सहा महिन्यांनी आमच्या घरात कोणती एक गोष्ट वेगळी दिसायला हवी. ‘त्याने सुधारावे’ हे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. ‘रविवारी सकाळी आम्ही दोघे अर्धा तास चहा घेत बोलतो’ हे होते.

पायरी ७: मधले खरे काम

इथे एक कल्पित जोडपे जवळून पाहू, कारण समुपदेशनात नेमके काय होते ते उदाहरणाशिवाय कळत नाही. नवरा पुण्यात कंपनीत आहे, शनिवारी रात्री घरी येतो आणि सोमवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने परत जातो. बायको सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात सासूसोबत राहते आणि खासगी शाळेत शिकवते. शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि या आठवड्यात पाण्याची पाळी नेमकी शनिवारी रात्री आली आहे. ती मोटार लावून टाकी, पिंप, कळशा भरत असते. तो येतो, जेवतो आणि मोबाइल घेऊन आडवा होतो. ती म्हणते, “तुम्हाला घर म्हणजे लॉज वाटतं.” तो म्हणतो, “आठवडाभर राबून आलोय, आल्या आल्या सुरू झालीस.” ती म्हणते, “आईंसमोर माझ्या बाजूनं एकदा तरी बोला.” तो उठून गच्चीवर जातो. रविवार अबोल्यात जातो, सोमवारी तो निघतो, आठवडाभर फोनवर फक्त गॅस संपला आणि फी भरली एवढेच बोलणे होते.

बैठकीत हे प्रकरण गेले तर ‘त्याने दोन कळशा उचलाव्यात, तिने आल्या आल्या भांडू नये’ असा निकाल लागेल. निकाल बरोबरच आहे आणि तो दोन शनिवार टिकेल. समुपदेशक तोच प्रसंग संथ करून पुन्हा चालवतो. तो आडवा झाला त्या क्षणी मनात काय आले, असे तिला विचारल्यावर बऱ्याच वेळाने उत्तर येते: “मला वाटलं, मी इथे असले काय, नसले काय.” लॉज हा शब्द ऐकल्यावर काय झाले, असे त्याला विचारल्यावर तो म्हणतो: “वाटलं, मी कितीही केलं तरी हिला ते कमीच पडणार. मग बोलून काय उपयोग?” ती दुरावा जाणवला की आवाज चढवते, तो आवाज चढला की दूर जातो, आणि तो दूर गेला की तिचा आवाज आणखी चढतो. दोघेही दुसऱ्याच्या वागण्याला उत्तर देत असतात, दोघांनाही सुरुवात समोरच्याने केली असे मनापासून वाटत असते. एकाने पाठलाग करायचा आणि दुसऱ्याने माघार घ्यायची हे चक्र जोडप्यांमध्ये फार आढळते. १९८० च्या दशकात सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेल्या भावनाकेंद्री पद्धतीत या चक्रामागच्या न बोललेल्या भावनेवरच भर असतो.

हे चक्र दोघांना एकाच वेळी दिसले की पुढची कामे सोपी होतात. आळीपाळीने बोलण्याचा सराव दिला जातो: एकाने दोन-तीन वाक्ये बोलायची, दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, ‘बरोबर समजलं का?’ असे विचारायचे आणि ‘हो’ आल्यावरच आपले म्हणणे मांडायचे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण ऐकले गेले हा अनुभव कित्येक जोडप्यांना वर्षानुवर्षांत मिळालेला नसतो. राग अनावर झाला, छाती धडधडू लागली, तर भांडण तिथेच थांबवून किमान २० मिनिटे वेगळे व्हायचे, आणि परत कधी बोलायचे ती वेळ सांगून मगच उठायचे. न सांगता गच्चीवर जाणे आणि “मला अर्धा तास दे, साडेदहाला खाली येतो” म्हणून गच्चीवर जाणे यात तिच्यासाठी फार मोठे अंतर आहे.

व्यवस्थेचे प्रश्नही याच काळात सोडवायचे असतात. शनिवारी पाणी आले तर भरण्याचे काम त्याचे. रोज रात्री साडेनऊला १५ मिनिटांचा फोन, त्यात पैसे आणि तक्रार हे विषय बंद. आईशी जे बोलायचे ते मुलाने स्वतः बोलायचे, बायकोकडून निरोप पाठवायचा नाही: “आई, शाळेतून आल्यावर ती दमलेली असते. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई लावू या, पैसे मी देतो.” एवढे एक वाक्य नवऱ्याने तोंडून काढले की सासू-सुनेच्या भांडणातला निम्मा जोर जातो असे मला वाटते, कारण सुनेची तक्रार पुष्कळदा सासूबद्दल कमी आणि नवऱ्याच्या मौनाबद्दल जास्त असते.

पैशाचे हिशेब उघड करणे हा स्वतंत्र आणि अवघड टप्पा आहे. दोघांचा पगार, सोसायटीचे कर्ज, हातउसने, गावी पाठवले जाणारे पैसे, बहिणीच्या लग्नासाठी उचललेली रक्कम, भिशी, गहाण ठेवलेले दागिने हे सगळे एका कागदावर लिहून समुपदेशकासमोर ठेवावे. शरीरसंबंधाचा विषयही टाळू नये. वेदना, इच्छा नसणे, ताठरता न येणे यामागे मधुमेह, थायरॉइड, औषधे किंवा ताण अशी वैद्यकीय कारणे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. मूल होत नसेल तर दोघांचीही तपासणी झाली पाहिजे. फक्त सुनेला दवाखान्यात फिरवणे अन्यायाचे आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

बाहेरचे संबंध उघडकीला आले असतील तर काम लांबते. ते संबंध संपले आहेत हे आधी स्पष्ट व्हावे लागते, ज्याचा विश्वास मोडला त्याचे तेच ते प्रश्न काही काळ सहन करावे लागतात, आणि ‘आता किती दिवस तेच?’ असे म्हणण्याचा अधिकार चुकलेल्याला नसतो.

पायरी ८: नातेवाइकांना कुठे थांबवायचे

समुपदेशन सुरू असताना दोघांनी मिळून एक ठरवावे: आतले काय सांगायचे आणि कोणाला. दोन्ही घरच्यांना एवढेच सांगणे पुरे असते की आम्ही प्रयत्न करतो आहोत, तीन महिने आम्हाला वेळ द्या. आई रोज फोन करून ‘आज काय म्हणाला?’ विचारत असेल तर मुलीने प्रेमाने, पण ठामपणे विषय बदलावा. सासू-सासऱ्यांशी निगडित प्रश्न असेल तर समुपदेशक एखाद्या भेटीला त्यांना बोलावू शकतो, मात्र ते दोघांच्या संमतीने आणि दोघांचे काम थोडे पुढे गेल्यावर. समाजाच्या पंचांनी दंड मागितला किंवा वाळीत टाकण्याची धमकी दिली तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते.

पायरी ९: फरक पडतो आहे का, ते कसे पाहायचे

आठवड्याला एक अशा आठ ते दहा भेटी झाल्यावर थांबून पाहावे. भांडणे कमी झाली का, यापेक्षा भांडणानंतर दोघे किती लवकर जवळ येतात, हे अधिक खरे माप आहे. कागदावर लिहिलेली सहा महिन्यांनंतरची गोष्ट पुन्हा वाचावी. काहीच हलले नसेल तर समुपदेशकाला तसे सांगावे, पद्धत किंवा समुपदेशक बदलावा. तो सतत एकाचीच बाजू घेत असेल, ‘बाईनेच जुळवून घ्यायचे असते’ असे उपदेश करत असेल, किंवा एकाच्या ओळखीचा निघाला असेल, तर बदलण्यात संकोच नको.

प्रयत्नांती वेगळे व्हायचे ठरले तरी समुपदेशनाचे काम संपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोटासाठी अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. ही मुदत माफ करताना दोघांतले पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर वाद खरोखर मिटले आहेत का, हे न्यायालय पाहते. ते मुद्दे समुपदेशकाच्या मदतीने आधी बोलून ठेवलेले बरे: मुले कोणाकडे, दुसऱ्याला कधी भेटणार, गड्ड्याच्या जत्रेला कोण नेणार, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, शाळेत पालक म्हणून कोणाचे फोन नंबर द्यायचे. मुलांना ही बातमी दोघांनी एकत्र बसून, एकमेकांना दोष न देता सांगावी, आणि ‘तुमच्यामुळे हे झालेले नाही’ हे वाक्य त्यात असावेच.

आणि सोबत राहायचे ठरले असेल तर नियमित भेटी थांबवताना तीन महिन्यांनंतरची एक भेट त्याच दिवशी ठरवून, तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून यावे. तोवर जुने चक्र एखाद-दुसऱ्या वेळी फिरेलच. ते कधी आणि कशावरून फिरले हे वहीत टिपून ठेवावे आणि ती वही त्या भेटीला सोबत न्यावी.